दोन चुका माफ

1997 साली जॅनेट मरे या अमेरिकन अभ्यासक बाईंनी टेट्रिस या कॉम्प्युटर गेमचा अर्थ लावला आणि एका भांडणाची सोय करून ठेवली. ‘हॅम्लेट ऑन द होलोडेक’ या त्यांच्या पुस्तकात टेट्रिसवर फारसं काही नाही, थोडकाच मजकूर आहे. वरून ठोकळे पडत राहतात, ते कसेबसे जागेवर बसवायचे, ओळ भरली की ती नाहीशी होते, आणि दम घ्यायच्या आत पुढचा ठोकळा डोक्यावर. मरेबाई म्हणतात, हे नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन माणसाचं आयुष्य आहे. कामांचा मारा चालू, वेळापत्रक खच्चून भरलेलं, आणि टेबल जरा मोकळं केलं की त्यावर पुढची लाट.

चार वर्षांनी, 2001 मध्ये, ‘गेम स्टडीज’ नावाचं नियतकालिक इंटरनेटवर सुरू झालं. त्याच्या पहिल्याच अंकात मार्कु एस्केलिनेन या फिनिश अभ्यासकाने मरेबाईंची सालटी काढली. हा कसला अर्थ, ही खेळावर केलेली बळजबरी आहे, असा त्याचा सूर. टेट्रिस खेळताना नेमकं काय करावं लागतं ते बाजूला ठेवून बाईंनी आपल्याला हवी ती गोष्ट त्यात कोंबली, असा आरोप. त्याच लेखात त्याचा तो पुढे गाजलेला टोला आहे: मी तुमच्याकडे चेंडू फेकला, तर तो खाली टाकून तो गोष्ट कधी सांगायला लागतो याची वाट बघत तुम्ही बसाल, अशी माझी अपेक्षा नसते.

‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हे शाळेपासून ऐकत आलेल्या मराठी माणसाला या भांडणाचा बाज लगेच ओळखू येईल. एका बाजूला खेळाकडे गोष्ट म्हणून बघणारे, दुसऱ्या बाजूला ‘नियमांकडे बघा’ म्हणणारे. दुसऱ्यांनी स्वतःला लुडॉलॉजिस्ट, म्हणजे खेळशास्त्री, म्हणवून घेतलं. पुढे 2003 मध्ये त्यांच्यापैकीच गोंझालो फ्रास्का याने लेख लिहून सांगितलं, की आम्हालाही गोष्टी आवडतात हो, आणि मुळात असा काही वाद झालाच नव्हता. वाद झालाच नाही हे सांगायला लेख लिहावा लागतो तेव्हा तो झालेला असतो, हे आपण मराठीत चांगलं जाणतो.

मला यात गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. टेट्रिस मॉस्कोत जन्मला. 1984 मध्ये अलेक्सी पाजित्नोव्ह सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करत होता. त्याच्या समोरच्या इलेक्ट्रॉनिका 60 या यंत्राला चित्रं काढता येत नसत, म्हणून पहिले ठोकळे त्याने कंसाची चिन्हं जोडून केले. त्या केंद्रातल्या माणसाच्या खेळात मरेबाईंना अमेरिकन ऑफिसातली दमछाक दिसली. एस्केलिनेनच्या बाजूने बोलायचं तर याहून सोपा पुरावा कुठला?

तरी मी मरेबाईंच्या बाजूने उभी राहीन. त्यांचा तो मजकूर नीट वाचला तर त्यात गोष्ट कुठेच नाही. नायक नाही, प्रसंग नाही. पडणं, बसवणं, पुसलं जाणं, पुन्हा पडणं, म्हणजे खेळणाऱ्याला जे करावं लागतं तेवढंच त्यांनी घेतलंय आणि विचारलंय, हे आणखी कुठे करावं लागतं? उत्तर अमेरिकन आहे, कारण विचारणारी बाई अमेरिकन आहे. जत्रेतून आणलेल्या, ‘9999 इन 1’ असं खोटं छापलेल्या ब्रिक गेमवर आम्ही भावंडं तोच खेळ खेळायचो. तेव्हा आम्हाला कुठलंही वेळापत्रक नव्हतं, आणि आमच्या हातात तो खेळ कामाचा वाटलाच नाही. सेल संपत आले की ठोकळे फिके दिसायचे आणि अंदाजाने बसवावे लागायचे, तो खेळ तर पाजित्नोव्हच्याही ध्यानीमनी नसेल.

हे भांडण मी वाचलं तेव्हा पुण्यात एका गेम कंपनीत टेस्टर होते. एम.ए. मराठी करून तिथे कशी पोचले ही वेगळी कथा. टेस्टर म्हणजे दिवसभर गेम खेळायला मिळतात, असं नातेवाइकांना वाटायचं, आणि ‘मजा आहे बाई तुझी’ हे वाक्य मी प्रत्येक लग्नात ऐकलंय. प्रत्यक्षात सकाळी नवं बिल्ड, म्हणजे गेमची ताजी प्रत, यायचं आणि मी एखाद्या लेव्हलमधल्या प्रत्येक भिंतीला अंग घासत चालायचे. कुठे पात्र भिंतीतून आरपार जातंय का, कुठे जमिनीतून खाली पडतंय का. दार उघडताना पॉज दाबायचं. पडद्यावर कोणी मरत असताना इन्व्हेंटरी, म्हणजे जवळच्या वस्तूंची यादी, उघडायची. पहिल्यांदा बघताना ज्या प्रसंगाने पोटात कालवलं होतं, तोच प्रसंग आठवड्याच्या शेवटी मला ‘स्किप बटण चालतं की नाही’ एवढ्यापुरता उरायचा.

काही सापडलं की रिपोर्ट लिहायचा, त्याचा साचा ठरलेला: आधी स्टेप्स, मग ‘अपेक्षित’, मग ‘प्रत्यक्ष’. मला तो साचा फार आवडायचा, अजूनही आवडतो. आमचा लीड, म्हणजे टेस्टरांचा प्रमुख, कडक होता. ‘दार नीट उघडत नाही’ असं लिहिलं की परत पाठवायचा. ‘नीट म्हणजे काय? तू काय केलंस ते लिही. कुठून आलीस, हातात काय होतं, पळत होतीस की चालत?’ एम.ए.च्या दोन वर्षांत माझ्या एकाही ट्यूटोरियलवर कोणी इतका नेमका शेरा मारला नव्हता.

म्हणून एस्पन ऑर्सेथ या नॉर्वेजियन अभ्यासकाचा 2003 मधला एक निबंध वाचताना मी टेबलावर हात आपटला. खेळाचा अभ्यास करायचा तर खेळावा लागतो, दुसऱ्याचं ऐकून भागत नाही, हे सांगून तो पुढे विचारतो: खेळावा, पण किती? आणि पायऱ्या लावतो. वरवर चाळणं, थोडंफार खेळणं, अर्ध्यात सोडणं, शेवटापर्यंत नेणं, पुन्हा पुन्हा खेळणं, तरबेज होऊन खेळणं, आणि शेवटी नवीनच काही काढून खेळणं. कादंबरीचा समीक्षक ‘मी ती अर्ध्यात ठेवली’ असं सांगत नसतो, ठेवली असली तरी. गेमच्या समीक्षकाला सांगावंच लागतं, कारण पंधरा मिनिटांत तीनदा मेलेला माणूस आणि शेवट गाठलेला माणूस एकाच खेळाबद्दल बोलत आहेत की नाही, याचीच खात्री नसते. ऑर्सेथच्या सात पायऱ्यांत पगारासाठी खेळणं मात्र नाही. आमची जमात राहून गेली.

आता याच ऑर्सेथचं दुसरं एक वाक्य, ज्याच्याशी माझं आजतागायत पटलेलं नाही. ‘टूम रेडर’ हा 1996 चा गेम, त्यातली नायिका लारा क्रॉफ्ट. तिच्या शरीराच्या मापांवर तोवर रकानेच्या रकाने लिहून झाले होते. 2004 साली छापलेल्या एका लेखात ऑर्सेथ म्हणतो, की खेळाडू म्हणून मला त्या मापांशी देणंघेणं नाही. वेगळं दिसणारं शरीर असतं म्हणून मी वेगळं खेळलो नसतो. खेळताना मला ते दिसतच नाही, मी त्याच्या आरपार बघतो.

टेस्टर म्हणून मला हे पूर्ण पटतं. भिंतीला घासत चालताना समोरचं पात्र म्हणजे एक कॅप्सूलच्या आकाराचा अदृश्य डबा असतो, भिंतीला तोच अडतो, शरीर त्यावर चढवलेलं असतं. पण ऑफिसात त्या ओळीत बसणारी मी एकटी मुलगी होते. बाकीच्यांना दिसत नव्हतं असं त्यांनी म्हणावं, पण कॅमेरा फिरवून फिरवून जे चालायचं ते मला दिसत होतं. आरपार बघता येणं ही ज्याची त्याची सोय असते. बुद्धिबळातला घोडा लाकडाचा असो की हस्तिदंताचा, चाल अडीच घरांचीच, हे बरोबर. पण लारा लाकडाची नाही, ती विकायला काढलेली आहे, आणि डब्यावरच्या चित्रापासून खेळ सुरू झालेला असतो. हेलन केनेडी या अभ्यासक बाईंनी 2002 मध्ये, त्याच ‘गेम स्टडीज’मध्ये, लाराला धरून हा गुंता कितीतरी सबुरीने उलगडला होता: बायकाही तिला खेळवतात, पुरुष तिच्या कातडीत शिरून खेळतात, तेव्हा कोण कोणाकडे बघतंय? ऑर्सेथने एका वाक्यात तो निकालात काढला. नियमांवर इतकं प्रेम करणाऱ्या माणसाने ‘मी’ या शब्दावर एवढी भिस्त ठेवावी याचं मला हसू येतं. ‘मला दिसत नाही’ हा नियम झाला की कबुली?

पण भांडण करायला ऑर्सेथ बरा आहे. खरी अडचण मला आली ती ‘पेपर्स, प्लीज’ खेळताना.

लुकास पोप या एकट्या माणसाने केलेला हा गेम 2013 मध्ये आला. विमानतळांवरच्या पासपोर्ट तपासणाऱ्या खिडक्या बघून त्याला तो सुचला. 1982 चा नोव्हेंबर, आर्स्टोट्झ्का नावाचा काल्पनिक कम्युनिस्ट देश, नुकतीच उघडलेली सरहद्द, आणि खिडकीत तुम्ही. माणूस येतो, कागद सरकवतो. नाव जुळतं का, तारीख उलटून गेली का, फोटो त्याचाच का. हिरवा शिक्का मारा नाहीतर लाल. जितकी माणसं निकालात काढाल तितके पैसे, आणि संध्याकाळी त्या पैशांत भाडं, जेवण, घर गरम ठेवणं, पोराचं औषध. रोज सकाळी नवा नियम. कधी परवाना लागतो, कधी ओळखपत्र.

या गेममध्ये सगळ्यात बोलकी गोष्ट कुठली असेल तर ते टेबल. ते मुद्दाम लहान केलंय. पासपोर्ट उघडला की परवान्यावर बसतो, नियमपुस्तक उघडलं की दोघांवर, आणि ज्या पानावर गावाचं नाव पडताळायचं ते त्या पुस्तकात कुठेतरी आत. माऊसने कागद ओढून बाजूला करावे तर ते कडेला जाऊन अर्धे लपतात. बाहेर रांग, शिवाय घड्याळ. मी या गेममध्ये कितीतरी लोकांना त्यांच्या तोंडाकडे न बघता परत पाठवलंय, आणि त्याचं कारण क्रौर्य नव्हतं, टेबलावर जागा नव्हती हे होतं. इयन बोगोस्ट हा गेमचा अभ्यासक ज्याला ‘प्रोसिजरल ऱ्हेटरिक’ म्हणतो ते हेच. 2007 च्या ‘पर्सुएसिव्ह गेम्स’ या पुस्तकात त्याने मांडलं, की भाषणाने जसं पटवता येतं, चित्राने पटवता येतं, तसं नियमांनीही पटवता येतं. खेळ तुम्हाला सांगत बसत नाही, करायला लावतो, आणि करता करता तुमच्या गळी उतरवतो. सरकारी खिडकीतला माणूस वर मान करून का बघत नाही, हे मला आजवर कुठल्याही कथेने इतकं समजावलं नव्हतं.

इथपर्यंत बोगोस्ट छान चालतो. मग ते नवरा-बायको येतात.

पाचव्या दिवसाच्या सुमाराला एक माणूस येतो, कागद चोख. जाताना म्हणतो, माझ्या मागेच माझी बायको आहे, तिच्याशी नीट वागा. बायको येते. तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नाही. परत गेले तर मला मारून टाकतील, म्हणते. नियमाने लाल शिक्का. हिरवा मारलात तर थोड्या वेळाने बाजूच्या यंत्रातून कर्रकन एक चिठ्ठी बाहेर येते: नियमभंग, ताकीद.

मी हिरवा मारला. चिठ्ठी आली. पण चिठ्ठीत दंड नव्हता. या गेममध्ये दिवसातल्या पहिल्या दोन चुका माफ असतात, पैसे तिसरीपासून कापले जातात. हे लक्षात आल्यावर माझ्या खेळण्यात काय झालं ते मला नंतर, जरा उशिराने दिसलं. दुसऱ्या दिवसापासून मी दोन जणांची दया करायला लागले. दोनच. सकाळी खिडकी उघडतानाच माझ्याकडे दोन दया शिल्लक असायच्या, आणि त्या कोणावर खर्च करायच्या याचा मी हिशेब मांडायचे. एखादी म्हातारी रडत आली, की मनात यायचं, थांब, अजून अर्धा दिवस बाकी आहे, हिच्याहून गरजू कोणी आला तर? आणि संध्याकाळ होत आली, दया उरली असली, की समोर येईल त्याला चुकीच्या कागदांवर सोडून द्यायचे, कारण वाया कशाला घालवा.

हा अर्थ कुठे आहे? नियमपुस्तकात नाही. ‘दोन ताकिदी’ ही सोय बहुधा नवशिक्या खेळाडूला सांभाळून घेण्यासाठी असते. कुठल्याही डिझायनरला विचारा, सुरुवातीच्या चुका पदरात घालाव्यात हे धंद्यातलं साधं शहाणपण आहे. गोष्टीतही तो नाही. गोष्ट फक्त एका बाईबद्दल सांगते. दयेचा कोटा तयार झाला तो माझ्या हातून, आणि माझ्याच हातून का, तर नियमात फट कुठे आहे हे शोधायची मला पगारी सवय होती म्हणून. चित्रांवर किंवा संवादांवर कितीही लिहिलं तरी तो कोटा सापडला नसता. आणि मी तो खेळात शोधला नसता तर खेळातही सापडला नसता.

हे मी आमच्या लीडला सांगितलं. कंपनी सोडल्यावरही आमचं बोलणं आहे. त्याने तो गेम खेळला होता, पण त्याच्या गेममध्ये दयाच नव्हती.

“मी सगळ्यांना नियमाने वागवलं,” तो म्हणाला.

“त्या बाईलाही?”

“त्या बाईलाही. हे बघ, माझे वडील तलाठी होते. आमच्या अंगणात रोज असे दहा लोक यायचे रडत. वडील वाईट नव्हते गं. एकाला सोडलं तर उरलेल्या नऊंना काय सांगायचं? खिडकीच्या अलीकडेसुद्धा घर चालवायचं असतं. तो गेम खेळताना मला पहिल्यांदा वाटलं, कोणीतरी आमच्या बाजूने लिहिलंय.”

गेम तोच, नियम तेच, टेबल तेवढंच लहान. मला जो सरकारी यंत्रणेवरचा आरोप वाटला होता, तो त्याला तिची बाजू मांडणारा वाटला. मिगेल सिकार्ट या अभ्यासकाने 2011 मध्ये बोगोस्टच्या मांडणीवर ‘अगेन्स्ट प्रोसिजरॅलिटी’ हा लेख लिहिला, त्याचा मुद्दा असाच होता: अर्थ नियमांत आधीच भरून ठेवलाय आणि खेळाडू तो फक्त बाहेर काढतो असं समजलं, तर खेळणं उरतच नाही, हुकमाची अंमलबजावणी उरते. मला सिकार्ट बरोबर वाटतो. फक्त तो एकदा खेळाडूला मोकळं सोडतो आणि मग टेबलाला विसरतो, असं माझं आपलं मत. माझी दया आणि लीडचं कर्तव्य यांत काही म्हणता काही सारखं नाही, पण दोन्ही त्याच इवल्याशा टेबलावर घडलं. ते मोठं असतं तर मला म्हाताऱ्यांच्या तोंडाकडे बघायला फुरसत मिळाली असती आणि लीडला वडील आठवले नसते.

नियमांनी पटवायला गेलं की काय होतं याचा सगळ्यात कडू दाखला मोनोपॉलीचा आहे. एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईने 1904 साली ‘लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट घेतलं. ती हेन्री जॉर्ज या अर्थशास्त्रज्ञाच्या विचारांची होती. जमीन अडवून बसणारा बाकीच्यांना कसं नागवतो हे लोकांना खेळून कळावं, हा तिचा हेतू. तिने नियमही दोन तऱ्हांचे केले. एका तऱ्हेत एक जण सगळ्यांना बुडवून जिंकायचा, दुसरीत कमाईचा वाटा सगळ्यांना मिळायचा. पुढे खेळ हातोहात फिरत बदलला, 1935 मध्ये पार्कर ब्रदर्सने बाजारात आणला, मॅगीला पेटंटचे 500 डॉलर मिळाले, आणि जगाने फक्त बुडवण्याचे नियम ठेवले. त्यातही लोकांना धडा दिसला नाही, मजा दिसली. शेजाऱ्याचं दिवाळं निघताना टाळ्या पिटणारा खेळ म्हणून तो घरोघर गेला.

आपल्याकडे तो ‘व्यापार’ आणि ‘नवा व्यापार’ होऊन आला. मे महिन्यात आत्याकडे आम्ही तो दुपारभर खेळायचो. आत्या कायम बँकेत, कारण नोटा नीट लावून ठेवणारी घरात ती एकटी. आणि भाडं द्यायला कोणाकडे पैसे नसले की ती गल्ल्यातून नोट काढून त्याच्या पुढ्यात सरकवायची. “घे रे, पुढच्या फेरीत दे.” पुढच्या फेरीत कोणी देत नसे. थोरला चुलतभाऊ चिडायचा, हे नियमात नाही म्हणायचा. आत्या म्हणायची, “नियमात चहा पण नाही, तरी पितोस ना?” आमच्याकडे कधीही कोणी बुडालं नाही आणि खेळ कधी संपलाही नाही. चहाच्या वेळी पट गुंडाळायचा. मॅगीबाईंची नियमांची दुसरी तऱ्हा आत्याला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. पण अभ्यासकाने आमचा तो खेळ ‘वाचायचा’ तर कुठून वाचावा? खोक्यातली घडीची पत्रिका तर चुलतभावाच्या बाजूने होती. खेळत होतो आम्ही आत्याचा खेळ.

सध्या माझ्या डोक्यात मोक्षपट आहे, म्हणजे सापशिडीचा आपल्याकडचा पूर्वज. तो ज्ञानेश्वरांनी रचला असं आपण सर्रास सांगतो. हाती असलेले पट बहुतेक 18व्या-19व्या शतकांतले आहेत आणि ज्ञानेश्वरांशी त्यांना जोडणारा त्यांच्या काळचा पुरावा नाही, त्यामुळे ते श्रद्धेच्या खात्यावर. कोपनहेगन विद्यापीठात याकोब श्मिट-मॅडसन याने पश्चिम भारतातल्या या खेळांवर 2019 मध्ये आख्खा प्रबंध लिहिला, हे वाचून मला आनंद आणि थोडी लाज दोन्ही वाटलं. जैनांचा 84 घरांचा पट वेगळा, वैष्णवांचा 72 घरांचा वेगळा. घराघरात पाप, पुण्य, लोक, अवस्था यांची नावं. पुण्याच्या घरातून शिडी, पापाच्या घरात साप, आणि वर मोक्ष किंवा वैकुंठ. 19व्या शतकाच्या शेवटी तो इंग्लंडात गेला, तिथे त्याचा पोरांचा खेळ झाला, आणि नावं पुसून तो लुडोच्या पाठीवर छापला जाऊन परत आला.

कट्टर लुडॉलॉजिस्टला विचारलं तर हे दोन्ही एकच खेळ. फासा टाका, तितकी घरं चला, शिडी आली तर वर, साप आला तर खाली. नावं म्हणजे लाराची मापं. शिवाय यात खेळाडूला निर्णयच नाही, एकही नाही, म्हणजे सिकार्टचा मोकळा खेळाडूही इथे काही करू शकत नाही. टेस्टरला फट शोधायलाही जागा नाही. माझ्या ओळखीच्या सगळ्या पद्धती इथे येऊन थिजतात.

72 घरांच्या पटाची एक छापील प्रत मिळाली तेव्हा आधी मी ती नुसती बघत बसले. 54 व्या घरात भक्ती आहे, तिथून शिडी थेट 68 व्या घरातल्या वैकुंठात. लगेच पुढचं घर, 55, अहंकार. तिथला साप सगळ्यात खालच्या ओळीत नेऊन टाकतो. दोघं शेजारी-शेजारी. खाली 16 वर द्वेष आणि 17 वर दया, तीही अशीच खेटून. कागदावर बघताना मला यात मोठा विचार दिसला. भक्ती आणि अहंकार यांच्यात एका घराचं अंतर, वा! दोन-तीन पानं टिपणंही काढली. मग ऑर्सेथची पहिली अट आठवली, आणि भाचीला बोलावलं. ती चौथीत आहे.

लुडोतला फासा घेतला. प्रत्येक घराचं नाव मोठ्याने वाचायचं, एवढा एकच नियम मी वाढवला. खेळ रंगला. नरकात गेलं की तिला भारी मजा वाटत होती. ती 51 वर होती, वैकुंठ डोळ्यांसमोर. तिने फासा घोळवून घोळवून टाकला. तीन पडले असते तर भक्ती. चार पडले.

“अहंकार,” तिने वाचलं, आणि माझ्याकडे बघितलं. “मावशी, पण मी कुठे अहंकार केला?”

“तिथे आलीस ना तू.”

“मी नाही आले. चार पडले म्हणून आले.”

“फासा कोणी टाकला?”

“मी टाकला, पण चार त्याने पाडले. मग अहंकार त्याला झाला.” तिने फासा उचलून खालच्या ओळीत नेऊन ठेवला. स्वतःची सोंगटी 55 वरच राहू दिली. “आता तो चढू दे वर. आपण थांबू.”

“असं नाही करता येत.”

“का? कुठे लिहिलंय?”

मी प्रत उलटून पाहिली. मागची बाजू कोरी होती. आम्ही दुसरा फासा शोधायला उठलो.